सोनोग्राफीचे सर्टिफिकेट घेऊन आपली मुले जाणार कोठे?

गेल्या महिन्यात मेहकरला जाण्याचा योग आला. रविवारची सामुदायिक वंदना आटोपली आणि विहारातच सतरंजीवर बसून कार्यकर्त्यांशी बोलणे सुरू झाले. विषय नेहमीचेच होते. निवडणूक, गटबाजी, जयंतीची वर्गणी. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठून पुढे आले. बाजार समितीत हमाली करणारे. हातात प्लॅस्टिकची फाईल. ती त्यांनी आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "जयभीम भाऊ. हे जरा वाचून सांगा. पोरीनं सोनोग्राफीचा कोर्स केला. वर्ष झालं. कोणताच दवाखाना तिले मशीनले हात लावू देत नाही. हे सर्टिफिकेट खरं आहे का खोटं, तेवढं सांगा."

आम्ही ते सर्टिफिकेट वाचले. कागद जाड, कडेला सोनेरी वेलबुट्टी, वर राजमुद्रेसारखे दिसणारे चिन्ह, आणि खाली 'भारत सरकार नोंदणीकृत' असे ठळक शब्द. नोंदणी होती, पण ती संस्थेची होती, अभ्यासक्रमाची नव्हे. संस्थेची नोंदणी भजनी मंडळालाही मिळते. कोणत्याही विद्यापीठाचे, शासकीय मंडळाचे किंवा परिषदेचे नाव त्या कागदावर नव्हते. मुलीने एक वर्ष दोन खोल्यांच्या वर्गात बसून झेरॉक्सच्या नोट्स पाठ केल्या होत्या. मशीन तिने भिंतीवरच्या चित्रात पाहिले होते. फी पंचेचाळीस हजार. त्यासाठी आईने बचत गटातून कर्ज उचलले होते आणि त्याचा हप्ता अजून चालू होता.

मग मुलगीच बोलू लागली. एका खासगी सेंटरमध्ये तिला काम मिळाले होते. पगार सात हजार. सकाळी नऊला जायचे, रात्री आठला यायचे. पेशंटचे नाव रजिस्टरमध्ये लिहायचे, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची, गरोदर बाई असेल तर 'एफ' फॉर्म भरून सही घ्यायची, तिला टेबलावर झोपवायचे, पोटावर जेल लावायचे, डॉक्टर बोलतील ते टाईप करायचे, प्रिंट काढायची आणि शेवटी फरशीही पुसायची. नेमणुकीचे पत्र नाही, सुट्टी नाही, फंड नाही. ती म्हणाली, "काका, संस्थेत सांगितलं होतं की टेक्निशियन व्हशील. तिथं मले सगळे 'ए पोरी' म्हणत."

या एका मुलीपुरता प्रश्न असता तर आम्ही हा मजकूर लिहिला नसता. पण विहारातून बाहेर पडेपर्यंत आणखी दोघांनी अशीच सर्टिफिकेटे दाखविली. बारावी झालेली, नीटचा निकाल पाहून निराश झालेली, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही म्हणून मागे फिरलेली आपली मुले 'मेडिकल लाईन' या दोन शब्दांवर भाळतात. त्यांच्या आईवडिलांना वाटते, डॉक्टर नाही तर निदान पांढरा कोट तरी. या पांढऱ्या कोटाच्या स्वप्नावर तालुक्यातालुक्यांत दुकाने उभी राहिली आहेत. म्हणून हा व्यवसाय नेमका काय, त्यात पगार किती, पुढे वाट कोठे जाते आणि कोठे अडते, हे समाजापुढे स्पष्ट मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

मशीन कोणाच्या हातात?

पहिली गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या देशात सोनोग्राफीचा प्रोब हातात धरून तपासणी करण्याचा अधिकार टेक्निशियनला नाही. तो डॉक्टरला आहे, आणि तोही प्रत्येक डॉक्टरला नाही. रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा नियमांत सांगितलेले प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर, एवढ्यांनाच ते करता येते. मशीन कोठे आहे, कोण चालवितो, किती तपासण्या झाल्या, याची नोंद जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यावी लागते. नोंदणी नसलेल्या जागी मशीन ठेवणे हाच गुन्हा आहे.

हे असे का झाले? १९८० च्या दशकात मुंबईसारख्या शहरांत गर्भलिंगनिदानाची दुकाने थाटली गेली. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध रान उठविले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा या तपासण्यांचे नियमन करणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. अंमलबजावणी होत नाही हे पाहून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांचे कान उपटले आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. त्यालाच आपण पीसीपीएनडीटी म्हणतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. ज्या सिंदखेडराजाला राजमाता जिजाऊंचा जन्म झाला, त्या बुलढाणा जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ वर आल्या. केंद्राने २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू केली तेव्हा मुलींचे प्रमाण चिंताजनक असलेल्या देशातील शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव होते. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मगावी लाखोंचा जनसागर लोटतो आणि त्याच जिल्ह्यात जिजाऊच्या लेकी जन्माआधी मारल्या जातात, याची लाज प्रत्येकाला वाटली पाहिजे.

तेव्हा हा कायदा आम्हाला हवाच आहे. सावित्रीमाईंचे आणि बाबासाहेबांचे नाव घेणारा माणूस या कायद्याविरुद्ध बोलूच शकत नाही. पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. गर्भलिंगनिदानाचा धंदा सुरू कोणी केला? तो झोपडपट्टीतल्या बारावी पास पोराने केला नाही. तो पदवीधारकांनी केला, पैसेवाल्यांनी करवून घेतला आणि घराण्याला वारस हवा म्हणणाऱ्या मनुवादी संस्काराने त्याला आशीर्वाद दिला. पाप त्यांचे, आणि मशीनपासून लांब उभी मात्र आपली मुले.

शिक्षेचे तसे नाही. कायद्याच्या कलम २३ मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो केवळ डॉक्टरला किंवा मालकाला नाही. सेंटरमध्ये नोकरी करून तांत्रिक सेवा देणाऱ्यानेही कायदा मोडला तर तोही त्यात येतो. 'एफ' फॉर्ममधली चूक ही साधी कारकुनी चूक मानली जात नाही, कायद्याचा भंग मानली जाते, आणि हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविले आहे. तो फॉर्म प्रत्यक्ष भरतो कोण? सात हजारांवर राबणारी मुलगी. मशीनवर हक्क नाही, पगार मजुराहून कमी, पण कायद्याची टांगती तलवार मात्र डोक्यावर आहे. हे त्या संस्थेच्या माहितीपत्रकात कोठे छापले होते?

परदेशातील आकडे

ही दुकाने मुलांना परदेशातील पगाराचे आकडे दाखवितात. ते आकडे खोटे नाहीत. अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथील श्रम खात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये सोनोग्राफरचा मध्यम वार्षिक पगार ८४ हजार डॉलरच्या वर होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सोनोग्राफरला साधारण सातव्या श्रेणीत घेतात आणि २०२५-२६ मध्ये तेथे त्या श्रेणीची सुरुवातच ४७ हजार पौंडांच्या पुढे होती. हे पगार का मिळतात? कारण तेथे तपासणी सोनोग्राफरच करतो. अमेरिकेत तो चित्रे काढून निष्कर्ष मांडतो आणि अंतिम अहवालावर डॉक्टर सही करतो. इंग्लंडमध्ये बऱ्याचदा अहवालही सोनोग्राफरच देतो. त्यासाठी त्याने पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते आणि शेकडो पेशंट डोळ्यांखालून घातलेले असतात.

मुळात या मशीनचा इतिहासच दोन हातांचा आहे. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठी ध्वनिलहरींनी पाहण्याचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्याबरोबर तिसरे नाव होते टॉम ब्राऊन यांचे. ते डॉक्टर नव्हते. कारखान्यातले तरुण इंजिनिअर होते आणि मशीन त्यांनीच घडविले होते. निबंधावर त्यांचे नाव डॉक्टरांच्या बरोबरीने छापले गेले. आपल्याकडे एखाद्या टेक्निशियनचे नाव अहवालाच्या कागदावर कोठे आलेले पाहिले आहे काय?

पण मेहकरची मुलगी हे एक वर्षाचे सर्टिफिकेट घेऊन अमेरिकेला जाऊ शकते काय? मुळीच नाही. तेथील नोंदणीच्या परीक्षेला बसायचे तर मान्य शिक्षण लागते आणि प्रत्यक्ष सोनोग्राफी केल्याचा अनुभव लागतो. इथे कायद्याने हाती प्रोबच मिळत नाही, मग अनुभव आणायचा कोठून? आखाती देशांतही परवान्याची परीक्षा असते आणि कागदपत्रांची मुळापासून छाननी होते. सोनेरी वेलबुट्टीचा कागद तेथे पहिल्याच चाळणीत गळून पडतो. जी मुले पुढे जातात ती रेडिओग्राफीची मान्यताप्राप्त पदवी घेऊन, काही वर्षे एक्स-रे, सीटी, एमआरआयवर काम करून, इंग्रजी पक्के करून मग जातात. ती वाट लांब असली तरी खरी आहे.

एका कायद्याने नाव दिले, दुसऱ्याने हात बांधले

२०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टरांना परिषद होती, नर्सेसना होती, फार्मासिस्टना होती, पण देशभरच्या टेक्निशियनांना स्वतःचा असा केंद्रीय कायदा नव्हता. तो २०२१ मध्ये मिळाला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी व इमेजिंग टेक्नॉलॉजिस्ट या व्यवसायाखाली एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी यांच्याबरोबर 'डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर' हे नावही आहे. म्हणजे देशाच्या कायद्याने सोनोग्राफर नावाचा माणूस मान्य केला. पण त्याने करायचे काय, हे ठरले नाही. पीसीपीएनडीटीचे नियम त्याला ओळखत नाहीत. एका कायद्याने नाव दिले आणि दुसऱ्याने हात बांधले, अशी ही अवस्था आहे. या फटीतच सर्टिफिकेटांचा बाजार भरला आहे.

२०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे सोनोग्राफी प्रशिक्षण आणि परीक्षेची वाट काढली आहे. याचा अर्थ असा की ही विद्या शिकण्याची आहे. ती कोणाच्या जन्माबरोबर येत नाही. मग तीन वर्षांची पदवी आणि वर्षभराची इंटर्नशिप केलेल्या रेडिओग्राफरला ती का शिकविता येऊ नये? आम्ही कायदा सैल करा असे म्हणत नाही. गरोदर स्त्रीच्या तपासणीचे नियम आहेत तसेच कडक राहावेत. पण पित्ताशय, मूत्रपिंड, थायरॉईड अशा तपासण्या सरकारी रुग्णालयात, रेडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवून प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्टने कराव्यात की नाही, याचा विचार व्हायला काय हरकत आहे? डॉक्टरांच्या संघटनांना हे रुचेलच असे नाही. स्त्री संघटनांच्या मनात रास्त भीती आहे आणि तिचा मान ठेवूनच हे व्हायला हवे. परंतु चर्चाच करायची नाही, ही भूमिका मान्य होण्यासारखी नाही.

कारण यात पेशंटचाही प्रश्न आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला सोनोग्राफीसह सर्व तपासण्या मोफत मिळायला पाहिजेत. पण तालुक्याच्या ठिकाणी रेडिओलॉजिस्ट टिकत नाही ही जुनी रड आहे. डॉक्टर नाही म्हणून मशीन झाकून ठेवायचे आणि जानेफळ, डोणगावच्या मजूर बाईने दिवसाची मजुरी बुडवून, चिखलीमार्गे बुलढाणा गाठायचे किंवा खासगी सेंटरमध्ये हजार रुपये मोजायचे. पोटदुखीच्या पेशंटची जबाबदारी टेक्नॉलॉजिस्टने उचलली तर डॉक्टरचा वेळ गरोदर बाईसाठी मोकळा होईल, एवढा साधा हिशेब आहे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना, कामाच्या वाटणीचे नाव सांगून प्रत्यक्षात माणसांचीच उतरंड कशी रचली जाते, हे दाखवून दिले होते. आजच्या दवाखान्यात ती उतरंड डोळ्यांनी दिसते. वरच्या केबिनमध्ये कोण, मशीनपाशी कोण, स्ट्रेचर ढकलायला कोण आणि संडास धुवायला कोण, हे आडनावे वाचत गेले तरी कळते. टेक्निशियन ही त्या उतरंडीतील मधली पायरी आहे. आपली पहिली शिकलेली पिढी तेथवर पोहोचते आणि तेथेच तिला कोंडले जाते.

खरा पगार आणि कंत्राटाची पाचर

आता पगाराचे बोलू. मान्यताप्राप्त रेडिओग्राफी झालेल्या मुलाला सरकारी कायम जागा मिळाली तर संसार उभा राहतो. उदाहरणच द्यायचे तर रेल्वेचे देता येईल. २०२४ च्या पॅरामेडिकल भरतीत रेडिओग्राफर एक्स-रे टेक्निशियन या पदाला सातव्या वेतन आयोगाची पाचवी पातळी, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये होते. महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. पात्रता होती बारावी भौतिक व रसायनशास्त्रासह आणि दोन वर्षांचा रेडिओग्राफीचा डिप्लोमा. एम्स, राज्य विमा महामंडळाची रुग्णालये, राज्याची आरोग्यसेवा, वैद्यकीय महाविद्यालये येथेही अशी पदे निघतात.

परंतु कायम जागा निघतात किती? मधल्या काळात आरोग्य अभियानाची भरती अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चालली आणि सीटी-एमआरआयसारख्या सेवा अनेक सरकारी रुग्णालयांत खासगी कंपन्यांकडे गेल्या. इमारत सरकारी, पेशंट सरकारी, टेक्निशियन मात्र कंपनीचा. कंपनीला बिंदुनामावली नाही आणि अनुसूचित जातींचा १३ टक्के वाटाही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. तरुणांनी रस्त्यावर येऊन आवाज उठविला तेव्हा पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. लढले की मागे घ्यावे लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. पण आदेश मागे गेला म्हणून कंत्राटदारी गेली, असे कोणी समजू नये. संविधानाने दाराशी आणून ठेवलेले आरक्षण कंत्राटाच्या मागील दाराने बाहेर काढले जात आहे.

खासगी क्षेत्रात तालुक्याच्या गावी नवीन मुलाला आठ-दहा हजार, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्याहून बरे, आणि सीटी-एमआरआयचा अनुभव असेल तर आणखी वर, असे या क्षेत्रात काम करणारे आपले तरुण सांगतात. यात वाढ मिळते ती मशीन शिकल्याने. नुसत्या 'सोनोग्राफी असिस्टंट'ला दहा वर्षांनीही शिकण्यासारखे काही उरत नाही, कारण जेल लावण्याला बढती नसते. १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक ज्या महामानवाने मांडले, त्यांच्या लेकरांनी किमान वेतनापेक्षा कमी पगारावर सही करू नये. हजेरीचा पुरावा ठेवावा, पगार बँकेतून मागावा, दहा किंवा जास्त कामगार असतील तेथे राज्य विम्याची आणि वीस असतील तेथे भविष्य निर्वाह निधीची चौकशी करावी.

फी भरण्यापूर्वी

म्हणून पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पहिला, अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा शासकीय मंडळाचा? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात रेडिओग्राफी आहे, तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप आहे. दुसरा, ही पदवी किंवा डिप्लोमा घेऊन परिषदेत नोंदणी होते काय? तिसरा, संस्थेला जोडलेले रुग्णालय कोणते आणि विद्यार्थी तेथे किती दिवस काम करतो? २०२१ च्या कायद्याने डिप्लोमा स्तराला किमान दोन हजार तास आणि वरच्या पदवीला किमान तीन हजार सहाशे तासांचे शिक्षण सांगितले आहे. शनिवार-रविवारच्या वर्गात एवढे तास भरत नाहीत. चौथा प्रश्न सर्वांत सोपा आहे. या कोर्सला महाडीबीटीवर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते काय? संस्थाचालक "आमच्याकडे स्कॉलरशिप नाही, हप्त्याने भरा" म्हणाला की पायात चप्पल घालावी आणि घरी यावे.

अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरात त्यातून वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम मिळते. पंचेचाळीस हजार बुडवून खोटा कागद घेण्यापेक्षा हक्काचे पैसे घेऊन खरी पदवी घेता येते, हे आपल्या वस्तीत कोणी सांगितले नाही म्हणून त्या हमाल बांधवाची फसगत झाली.

आणखी एक. केंद्राच्या भरतीत आपले अनेक बौद्ध उमेदवार जातीच्या दाखल्यावर अडकतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्याही सवलती मिळाल्या आहेत, पण दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा बारावीलाच तो काढून ठेवावा.

आणि मुलांनी सोनोग्राफीऐवजी पूर्ण रेडिओग्राफी निवडावी. एक्स-रे चालविण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाला शिकलेला माणूस लागतो. तेथे टेक्निशियनची जागा नियमानेच पक्की आहे. सीटी आणि एमआरआय त्याच पायावर शिकता येतात. उद्या सोनोग्राफीचे दार उघडले तर ते याच पदवीधरांसाठी उघडेल, एक वर्षाच्या सर्टिफिकेटवाल्यांसाठी नव्हे. मात्र जेथे एक्स-रेवर काम कराल तेथे किरणे मोजणारा टीएलडी बॅज मागून घ्या. कमी शिकलेल्या पोराला बॅजशिवाय किरणांसमोर उभे करणारे मालक कमी नाहीत.

चळवळीने काय करावे

चळवळीला हा विषय किरकोळ वाटू नये. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, त्यात काय शिका आणि कोठे शिका हेही येते. १४ एप्रिलला डीजेवर जी रक्कम उडते, तिच्यातील चार आणे बाजूला काढले तरी मेहकरच्या विहारात वर्षभर मार्गदर्शन केंद्र चालेल. सरकारी नोकरीत असलेल्या आपल्या रेडिओग्राफर, नर्स, लॅब टेक्निशियन बंधू-भगिनींनी महिन्यातील एक रविवार द्यावा. दहावी-बारावीच्या निकालानंतर प्रत्येक वस्तीत मान्यताप्राप्त संस्थांची यादी लावावी आणि खोट्या संस्थांविरुद्ध पालकांना घेऊन लेखी तक्रार करावी.

मागण्याही स्पष्ट असाव्यात. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे एमबीबीएसच्या जागांबरोबर रेडिओग्राफीसह सर्व पॅरामेडिकल पदव्यांच्या पुरेशा जागा असाव्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील मुलांना बाहेरगावी खोल्या शोधत फिरावे लागणार नाही. सरकारी रुग्णालयांतील टेक्निशियनांची मंजूर पदे कायम स्वरूपात, बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. २०२१ च्या कायद्यातील सोनोग्राफरचे काम काय, हे आयोगाने पीसीपीएनडीटीच्या यंत्रणेशी बसून ठरवावे. आणि हे ठरेपर्यंत 'सोनोग्राफी टेक्निशियन' या नावाने सर्टिफिकेट विकण्यावर बंदी घालावी. २००९ च्या निवडणुकीपासून मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवरून सभागृहात जाणाऱ्याने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हे प्रश्न विचारणे हे त्या जागेचेच कर्तव्य आहे.

त्या दिवशी निघताना आम्ही त्या गृहस्थांना खरे ते सांगितले. हे सर्टिफिकेट चालणार नाही, पैसे गेले असे समजा, परंतु मुलीचे वय गेलेले नाही. तिला बारावीला विज्ञान आहे, भौतिक आणि रसायनशास्त्र आहे, वीस वर्षांचे वय आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे पाहून म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे काही जास्त नाही. पोतं उचलायची सवय आहे मले." मुलीने फाईल बंद केली आणि वहीत महाडीबीटी, स्वाधार, केंद्राचा दाखला असे तीन शब्द लिहून घेतले.

बापाच्या पाठीवरचे ते पोते एकट्याने किती दिवस वाहायचे, हा प्रश्न आता समाजाचा आहे. बांधवांनो, येत्या रविवारी आपापल्या विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटे या विषयाला द्या आणि बारावीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा.

जयभीम!